विश्लेषण : ‘मुले पळवणारे जिप्सी’ ही प्रतिमा आली कुठून? रोमा समाजाचा इतिहास काय सांगतो?

ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रीसमधील फार्साला शहराजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना सोनेरी केसांची एक लहान मुलगी आढळली. सावळ्या दाम्पत्याच्या घरात गोरी मुलगी म्हणजे ती पळवलेलीच असणार, असा निष्कर्ष निघाला आणि जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी तो उचलून धरला. डीएनए चाचणीत मात्र तिचे जन्मदाते बल्गेरियातील एक गरीब रोमा दाम्पत्यच असल्याचे निष्पन्न झाले. पाठोपाठ आयर्लंडमध्येही दोन रोमा कुटुंबांतील गोऱ्या मुलांना पोलिसांनी ताब्यात घेतले. ती त्याच आईवडिलांची असल्याचे स्पष्ट झाल्यावर त्यांना परत करावे लागले. ‘जिप्सी मुले पळवतात’ हा समज इतका खोलवर कसा रुजला? आणि प्रत्यक्षात कोणाची मुले कोणी नेली?

रोमा कोण आहेत?

युरोपात रोमांची संख्या १ ते १.२ कोटी असल्याचा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे. त्यापैकी सुमारे ६० लाख युरोपीय संघातील देशांत राहतात. म्हणजे जवळपास डेन्मार्कच्या लोकसंख्येइतके. त्यांच्यात सिंती, काले, कल्देराश, लोवारी असे अनेक गट आहेत. कोणी ख्रिस्ती आहेत, कोणी मुस्लीम. ‘जिप्सी’ हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नाही. हे लोक इजिप्तमधून आले, या गैरसमजातून ‘इजिप्शियन’ या शब्दाचे ते रूप झाले. अनेक रोमांना आजही ते अपमानास्पद वाटते. ते सतत भटकत असतात, हाही समजच आहे. आज युरोपातील बहुसंख्य रोमा एकाच जागी घर करून राहतात.

भारताशी नाते कशावरून?

भाषेवरून. १७८२ मध्ये जर्मन अभ्यासक योहान रुडिगर यांनी एका रोमा स्त्रीकडून काही वाक्यांचे भाषांतर करून घेतले, त्यांची हिंदुस्तानीशी तुलना केली आणि रोमानी ही भारतीय भाषा असल्याचे दाखवले. मराठी माणसाला तर काही शब्द ऐकताक्षणी कळतील. पाणी म्हणजे ‘पानी’, कान म्हणजे ‘कान’, नाक म्हणजे ‘नाख’, दात म्हणजे ‘दांद’, काळा म्हणजे ‘कालो’. ख्रिस्ती क्रुसाला रोमानीत ‘त्रुशुल’ म्हणतात. हा आपला त्रिशूळच.

प्रवासाचा मार्गही शब्दांतच सापडतो. एकपासून सहापर्यंतचे अंक भारतीय आहेत, मात्र सात, आठ, नऊ हे ग्रीक आहेत. रस्त्यासाठीचा ‘द्रोम’ ग्रीक, तर घोड्यासाठीचा ‘ग्रस्त’ आर्मेनियन. फारसी शब्दही आहेत. मराठीने ‘तो, ती, ते’ अशी तिन्ही लिंगे जपली. रोमानीत मात्र हिंदीप्रमाणेच नपुंसकलिंग उरले नाही. त्यामुळे उत्तर भारतीय भाषांत हा बदल होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत, रोमांचे पूर्वज भारतात असावेत, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. २०१२ मधील एका जनुकीय अभ्यासानेही वायव्य भारताकडे बोट दाखवले, पण स्थलांतराचा काळ सुमारे १५०० वर्षांपूर्वीचा सांगितला. रोमा म्हणजे थेट आपल्याकडचे बंजारा, हा लोकप्रिय दावा मात्र या पुराव्यांतून सिद्ध होत नाही.

साहित्यात ही प्रतिमा कशी घडली?

स्पेनचे सर्वांतेस यांची ‘ला हितानिया’ ही कथा १६१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका प्रेसिओसा सुंदर, हुशार आणि शीलवान जिप्सी मुलगी आहे. शेवटी कळते, की ती मुळात उच्चकुलीन आणि लहानपणी पळवून आणलेली. दोन शतकांनी, १८३१ मध्ये, व्हिक्टर ह्यूगो यांनी ‘नोत्र-दाम द पारी’ या कादंबरीत हीच कल्पना वापरली. एस्मेराल्दाही जिप्सींनी पाळण्यातून उचललेली फ्रेंच मुलगी निघते. म्हणजे या कथांत दोन गोष्टी एकदमच वाचकाच्या मनात उतरतात. जिप्सी मुले पळवतात आणि जिप्सी मुलगी खरोखर गुणी असेल, तर ती मुळात जिप्सी नसतेच.

प्रॉस्पेर मेरिमे यांची ‘कार्मेन’ (१८४५) आणि तिच्यावरील बिझे यांचा ऑपेरा (१८७५) यांनी मोहात पाडून नाश करणारी जिप्सी स्त्री जगभर नेली. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) जिप्सी त्या खलनायकाचे चाकर होतात. गार्सिया मार्केस यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मधील (१९६७) मेल्कियादेस हा जिप्सी तुलनेने आदराचा धनी आहे. त्याची हस्तलिखिते चक्क संस्कृतमध्ये आहेत. पण तोही जादू आणि गूढ यांतच वावरतो. शेत कसणारा, लोहारकाम करणारा, मुलांना शाळेत पाठवणारा रोमा या पानांत सहसा भेटत नाही.

प्रत्यक्षात काय घडत होते?

आजच्या रुमानियातील वालाकिया आणि मोल्दाव्हिया या संस्थानांत रोमा गुलाम होते. त्याची नोंद १३८५ पासून मिळते. राजा, सरदार आणि मठ हे त्यांचे मालक. मुलांना आईवडिलांपासून तोडून विकल्याच्या नोंदीही आहेत. ही गुलामगिरी मोल्दाव्हियात १८५५ मध्ये आणि वालाकियात १८५६ मध्ये संपली. म्हणजे ‘कार्मेन’ प्रसिद्ध झाली, तेव्हा ती चालूच होती.

इंग्लंडने १५३० मध्ये ‘इजिप्शियनां’च्या हकालपट्टीचा कायदा केला. १५५४ मध्ये त्याला फाशीची शिक्षा जोडली. स्पेनमध्ये १७४९ च्या जुलैअखेरीस एकाच मोहिमेत हजारो रोमांना अटक झाली आणि पुरुषांना स्त्रिया-मुलांपासून वेगळे केले गेले. हॅब्सबर्ग सम्राज्ञी मारिया थेरेसा यांनी रोमांचे आपसातील विवाह रोखले आणि त्यांची मुले काढून शेतकरी कुटुंबांत ठेवण्याचा आदेश दिला. मुले पळवण्याचा आरोप ज्यांच्यावर होता, त्यांचीच मुले सरकारी हुकमाने नेली जात होती.

नाझी राजवटीत काय झाले?

१९३० च्या दशकात जर्मनीत रोमा आणि सिंतींची वंशावळीनुसार गणना करून याद्या तयार झाल्या. संशोधक एव्हा युस्टिन यांनी डॉक्टरेटसाठी एका ख्रिस्ती अनाथालयातील सुमारे ४० सिंती मुलांचा अभ्यास केला. या मुलांना आईवडिलांपासून आधीच तोडण्यात आले होते. अभ्यास पूर्ण झाल्यावर, मे १९४४ मध्ये, त्यांना आउश्वित्झला पाठवण्यात आले. त्यातील मोजकीच वाचली. आउश्वित्झच्या ‘जिप्सी छावणी’त सुमारे २३ हजार जणांना कोंडले होते. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तेथे उरलेल्या सुमारे ४३०० जणांना वायुकक्षात मारले गेले. त्यांत मुले, स्त्रिया आणि वृद्धच जास्त होते. एकूण बळींचे अंदाज २ ते ५ लाख असे आहेत.

या वंशसंहाराला पश्चिम जर्मनीने अधिकृत मान्यता दिली ती १९८२ मध्ये. बर्लिनमध्ये स्मारक उभे राहायला २०१२ उजाडले. चेकियातील लेटी येथे रोमांच्या छळछावणीच्या जागी १९७० च्या दशकात वराहपालन केंद्र बांधले गेले होते. ते हटवून तेथे २०२४ मध्ये स्मारक खुले झाले.

रोमांनी स्वतःची गोष्ट कधी सांगितली?

रोमानी साहित्य शतकानुशतके मौखिक राहिले. विसाव्या शतकात ते कागदावर येऊ लागले. फ्रान्सचे मातेओ माक्सिमोफ यांची पहिली कादंबरी १९४६ मध्ये आली. रुमानियातील गुलामगिरीवरही त्यांनी कादंबरी लिहिली. त्यांचे स्वतःचे पूर्वज तेथे गुलाम होते.

पोलंडच्या ब्रोनिस्वावा वाइस ऊर्फ पापुशा यांची कहाणी अधिक कठीण आहे. लहानपणी कोंबड्यांच्या बदल्यात एका यहुदी दुकानदारीणबाईकडून त्या वाचायला शिकल्या. नाझींपासून जंगलात लपून काढलेल्या दिवसांवर त्यांनी रोमानीत कविता रचल्या. कवी येझी फित्सोव्स्की यांनी त्या पोलिशमध्ये आणल्या. मात्र फित्सोव्स्कींनी रोमांना सक्तीने स्थिर करण्याच्या सरकारी धोरणाची पाठराखण केली होती. समाजाची गुपिते बाहेर दिल्याचा ठपका पापुशांवर आला आणि त्या वाळीत पडल्या. १९८७ मध्ये निधन होईपर्यंत त्या एकाकीच राहिल्या. समाजाची भीती निराधार नव्हती. बाहेरच्यांनी जमवलेली माहिती यादी होऊन परतते, हा अनुभव ताजा होता. ऑस्ट्रियाच्या चेया स्तोयका यांनी आउश्वित्झ, रावेन्सब्र्युक आणि बर्गन-बेल्सनमधील बालपण लिहिले, ते १९८८ मध्ये.

आज स्थिती काय आहे?

८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. ‘रोमा’ हे नाव आणि ‘जेलेम जेलेम’ हे गीत तेथे स्वीकारले गेले. निळ्या-हिरव्या ध्वजावर १६ आऱ्यांचे लाल चक्र आले. भारताशी असलेल्या नात्याची ती खूण आहे. १९८३ मध्ये चंडीगडच्या रोमा महोत्सवाला इंदिरा गांधी उपस्थित होत्या. २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली.

मुलांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. चेकियातील ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना ‘विशेष’ शाळांत टाकले जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये हा भेदभाव ठरवला. संमतीविना नसबंदी झालेल्यांना, ज्यांत रोमा स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, भरपाई देणारा कायदा चेकियाने २०२१ मध्ये केला.

हा पूर्वग्रह केवळ युरोपचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. तेथे अफवा मोबाइलवरून पसरली होती. फार्सालात तिला वृत्तवाहिन्यांनी बळ दिले. दोन्हीकडे शहानिशा झाली ती नंतर. संशयितांचा दोष मात्र आधीच ठरला होता.