धुवांधारचे तुषार घरच्या पडद्यावर : स्वतंत्र मीडिया प्लेअर कशासाठी?

नर्मदाकाठच्या जबलपूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर भेडाघाट आहे. संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा आणि तिचा धुवांधार धबधबा पाहण्यासाठी देशभरातून पर्यटक येथे येतात. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) आणि ‘अशोका’ (२००१) या हिंदी चित्रपटांतून हा परिसर रसिकांच्या परिचयाचा झाला. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत करण्यात आला.

येथे आलेला पर्यटक धबधब्याचे चित्रण केल्यावाचून सहसा परतत नाही. मात्र तेच चित्रण घरच्या मोठ्या पडद्यावर लावले की पुष्कळदा निराशा पदरी येते. काठावर उभी असलेली माणसे स्पष्ट दिसतात. धबधब्याच्या जागी मात्र लहान-लहान चौकोनांचा पांढुरका गोंधळ दिसतो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. वस्तुतः तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतच्या वाटेत असतो. ही वाट निर्धोक ठेवण्यासाठी जी साधने निघाली, त्यांतील एक म्हणजे स्वतंत्र मीडिया प्लेअर होय.

या विषयाला जबलपूरच्या संदर्भात आणखी एक बाजू आहे. हे शहर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले. इंग्रजी अमलातही ते नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग होते आणि ही स्थिती १९५६ पर्यंत टिकली. त्यानंतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले. रेल्वे आणि १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाडी कारखाना हीदेखील या शहराची ओळख आहे. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या अशा शहरांतील मराठी घरांमध्ये मुंज, लग्न, गणपती आणि आजी-आजोबांसह केलेली भेडाघाटची सहल यांची चित्रणे म्हणजे कुटुंबाचा इतिहासच असतो. तो कोणत्याही चित्रपट-सेवेकडे मागून मिळणारा नाही. तो घरच्या हार्ड डिस्कवर असेल तरच आहे.

एचडी म्हणजे नेमके काय?

दूरचित्रवाणीचे चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्याकडील डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. पूर्ण हाय डेफिनिशन किंवा ‘फुल एचडी’ चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. ही संख्या डीव्हीडीच्या बरोबर पाचपट आहे. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, तर एचडी प्रक्षेपण २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी सुरू झाले.

ठिपके पाचपट झाले म्हणजे माहितीचा भारही वाढला. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट लागतात. या हिशेबाने एका तासाचे चित्रण सुमारे ५६० गिगाबाइटचे होईल. एवढे मोठे चित्रण घरी साठवणे किंवा पाठविणे व्यवहार्य नाही. म्हणून चित्र दाबून लहान केले जाते. या क्रियेला संकोचन म्हणतात. २००३ मध्ये मान्यता मिळालेली एच.२६४ आणि २०१३ मधील एचईव्हीसी या त्याच्या प्रचलित पद्धती आहेत.

धबधबाच का बिघडतो?

संकोचनाचे तत्त्व सोपे आहे. लागोपाठच्या दोन चित्रांत जे बदलत नाही ते पुन्हा लिहायचे नाही. जे बदलले तेवढेच नोंदवायचे. भेडाघाटचा कडा स्थिर असतो. तो एकदा नोंदविला की पुढील कितीतरी चित्रांत तोच वापरता येतो. नौका सरकली तरी ‘हाच भाग एवढा सरकला’ अशी नोंद पुरते.

धुवांधारच्या तुषारांना हा नियम लागू पडत नाही. तेथे प्रत्येक क्षणी प्रत्येक थेंब नवा असतो आणि मागच्या चित्रातील जवळजवळ काहीच पुढच्या चित्रात कामी येत नाही. अशा वेळी पुरेसे बिट मिळाले नाहीत, तर संकोचन करणारी यंत्रणा बारकावे टाकून देते आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. चांदण्यातील संगमरवराची अडचण वेगळी असते. तेथे उजेड आणि अंधार यांच्यातील छटा फार हळुवार बदलतात. बिट कमी पडले की त्या छटांचे पट्टे पडतात.

म्हणूनच ‘एचडी’ हे अक्षर पाहून समाधान मानणे पुरेसे नाही. सेकंदाला किती बिट खर्च झाले, म्हणजे बिटदर किती, हे पाहणे महत्त्वाचे आहे. २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी प्रकारच्या घरगुती कॅमेऱ्यांत हा दर मूळ प्रमाणानुसार सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत जाई. त्या दराने एका तासाला सुमारे १०.८ गिगाबाइट जागा लागते. ब्लू-रे तबकडीवरील चित्राला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. इंटरनेटवरून ५ मेगाबिटने येणारे एचडी चित्र मात्र तासाला सव्वादोन गिगाबाइटमध्येच बसविलेले असते. संवादपट पाहताना हा फरक फारसा जाणवत नाही. धबधबा, पाऊस, अक्षतांचा वर्षाव किंवा गुलालाने भरलेली मिरवणूक पाहताना तो चटकन लक्षात येतो.

मीडिया प्लेअरचे कार्य

एचडी कॅमेरे घरोघरी आले तेव्हा ते चित्रण दूरचित्रवाणी संचावर पाहण्याची सोय अपुरी होती. परिणामी लग्नाचे चित्रण एचडीमध्ये झाले, तरी ग्राहकाच्या हाती सर्रास डीव्हीडी येई. वर दिलेल्या हिशेबाने पाहता, पाचपैकी चार ठिपके तेथेच गळून जात.

ही उणीव भरून काढण्यासाठी लहान, स्वतंत्र यंत्रे बाजारात आली. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००८ मध्ये आणलेला ‘डब्ल्यूडी टीव्ही’ आणि त्याच सुमारास आलेला ‘पॉपकॉर्न अवर’ ही त्यांतील गाजलेली नावे. एका बाजूला हार्ड डिस्क, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय केबलने जोडलेला संच, आणि मध्ये ही छोटी पेटी, अशी रचना असे. पेटी मूळ फाइल वाचते, संकोचित चित्र उलगडते आणि ते पुन्हा न दाबता पडद्याकडे पाठविते. संगणक सुरू करण्याची किंवा इंटरनेटची आवश्यकता नसते.

एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी सुरू झालेली आणि २०१४ पासून ‘कोडी’ या नावाने ओळखली जाणारी मोफत प्रणाली, तसेच २०१२ मध्ये आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा संगणक यांमुळे अशी पेटी घरच्या घरी तयार करणेही शक्य झाले. आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या अनेक पेट्या हेच काम करतात.

खरेदीपूर्वी एक चाचणी

प्रत्येक घराला वेगळ्या प्लेअरची गरज असतेच असे नाही. अलीकडच्या बहुतेक संचांना यूएसबीची खाच असते. मूळ चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन ते थेट संचावर लावून पाहावे. चित्र, आवाज आणि उपशीर्षके यांत काही खोट नसेल, तर खर्च करण्याचे कारण नाही.

पडद्यापासूनचे अंतरही मोजावे. ४० इंची संचावरील फुल एचडीचा प्रत्येक ठिपका सामान्य दृष्टीच्या माणसाला साधारण ५ फुटांपर्यंतच वेगळा ओळखता येतो. १२ फुटांवरून पाहणाऱ्याला अधिक ठिपक्यांपेक्षा अधिक चांगला बिटदरच उपयोगी पडतो.

संच काही फाइल उघडतच नसेल, आवाज येत नसेल किंवा चित्र अडखळत असेल, तर स्वतंत्र प्लेअरचा विचार करावा. हार्ड डिस्क लावल्यावर ती वारंवार बंद पडत असल्यास प्रथम विजेचा पुरवठा तपासावा. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीची खाच प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअरच वीज देते आणि काही डिस्कना ती पुरत नाही. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा हब वापरणे योग्य ठरते.

जुळणीतील बारकावे

चांगला प्लेअर आणूनही चित्र नीट दिसत नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्यामागे पुढील कारणे असू शकतात.

पहिले कारण चित्रगतीचे. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक कॅमकॉर्डरचे चित्रण सेकंदाला २५ चित्रांचे असते, तर अनेक पेट्या संचाला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवितात. २५ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे काही चित्रे दोनदा, काही तीनदा दाखवावी लागतात. नौकेतून कड्यावर संथपणे फिरविलेला कॅमेरा मग धक्के खात चालल्यासारखा भासतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये मूळ चित्रगती जुळविण्याची सोय असल्यास ती सुरू करावी आणि संचाला ५० चा दर मिळू द्यावा.

दुसरे कारण जुन्या कॅमेऱ्यांचे. त्यांपैकी अनेक कॅमेरे एका वेळी चित्राच्या विषम रेषा आणि नंतर सम रेषा टिपत. दोन्ही नीट सांधल्या न गेल्यास हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. हे सांधण्याची क्षमता सर्व प्लेअरमध्ये सारखी नसते. म्हणून खरेदीपूर्वी घरचेच चित्रण लावून पाहणे उत्तम.

तिसरे कारण डिस्कच्या मांडणीचे. फॅट-३२ पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एकसंध फाइल बसत नाही. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीची असावी आणि प्लेअरला ती वाचता यावी. नव्याने मांडणी करताना डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जातो, हे विसरू नये.

चौथे कारण मराठी उपशीर्षकांचे. त्यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसत असल्यास उपशीर्षकांची फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत साठवावी. त्यानंतरही जोडाक्षरे तुटत असतील, तर त्या प्लेअरमध्ये देवनागरीची व्यवस्था अपुरी आहे असे समजावे.

स्वस्ताईचा धोका

अतिशय कमी किमतीत ‘सर्व चित्रपट मोफत’ असे आमिष दाखविणाऱ्या पेट्यांपासून दूर राहणे हिताचे आहे. प्रताधिकाराचा भंग हा त्यातील एक भाग झाला. २०२३ मध्ये सुरक्षातज्ज्ञांना काही अनोळखी बनावटीच्या अँड्रॉइड पेट्यांमध्ये विक्रीपूर्वीच घातलेली घातक प्रणाली आढळली होती. केवळ घरची चित्रणे पाहायची असतील, तर पेटीला इंटरनेटची जोडणी न देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

मूळ प्रत जपणे महत्त्वाचे

उत्तम प्लेअरही फाइलमध्ये नसलेले बारकावे परत आणू शकत नाही. म्हणून खरी काळजी मूळ प्रतीची घ्यावी लागते. भ्रमणध्वनीवरून निरोपासोबत पाठविलेली चित्रफीत वाटेत पुन्हा दाबली जाते आणि पाठविणाऱ्याने मूळ फाइल पुसली की ती दाबलेली प्रतच शिल्लक उरते. व्हॉट्सअ‍ॅपवर तीच चित्रफीत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती मूळ स्वरूपात जाते. २०२२ पासून अशा फाइलसाठी २ गिगाबाइटची मर्यादा आहे.

लग्न-मुंजीचे चित्रण करून घेताना संपादित चित्रफितीबरोबर मूळ फाइलही आधीच मागून घ्याव्यात. स्टुडिओ त्या कायम जपून ठेवतीलच असे नाही. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यातील चित्रण काढताना सुट्या फाइल न घेता संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावा. लांबलचक प्रसंग अनेक तुकड्यांत साठविलेला असतो आणि ते तुकडे जोडण्याची माहिती त्याच फोल्डरमध्ये असते.

हार्ड डिस्क पूर्वसूचनेशिवाय निकामी होऊ शकते. त्यामुळे किमान दोन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. जबलपूरच्या कुटुंबाने एक प्रत नागपूरला किंवा पुण्याला नातलगांकडे ठेवली, तर एका घरातील अपघाताने सारे गमावण्याची वेळ येणार नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत म्हणा, दोन्ही डिस्क लावून चित्रणे उघडतात की नाही ते पाहावे.

पेटी काही वर्षांनी जुनी होईल आणि तिची जागा दुसरी घेईल. गाजलेली जुनी यंत्रे आज निघतही नाहीत. मूळ प्रत मात्र शाबूत असेल, तर धुवांधारच्या काठावर उभे असलेले आजी-आजोबा नव्या पडद्यावरही तितकेच स्पष्ट दिसतील, आणि त्यांच्या मागचे तुषारही.