उतारवयातील शरीरबळ : मेहनत आणि खुराक

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणा खोऱ्यातील एक मोठे गाव होय. ऊस, भात, भुईमूग व सोयाबीन ही या भागातील परिचित पिके असून दूधधंदाही येथे चांगला रुजलेला आहे. साखर कारखाना व दूध संघ यांमुळे प्रसिद्धीस आलेले वारणानगर गावाला लागूनच आहे. अशा सधन मुलखातही साठी उलटलेला शेतकरी जमिनीवरून उठताना हाताचा टेका घेतो, एसटीची पायरी चढताना दांडा घट्ट धरतो आणि रात्रीच्या वेळी पाणी फिरविण्यास बांधावरून जाताना मनात धास्ती बाळगतो. 'आता वय झाले' एवढे म्हणून घरची माणसे तो विषय सोडून देतात. वस्तुतः या दुबळेपणातील बराच भाग केवळ वयाचा नसतो. तो वापरात न राहिलेल्या स्नायूंचा आणि अपुऱ्या आहाराचा असतो. तेवढा भाग भरून काढता येतो.

मनुष्याच्या तिशीनंतर त्याचे स्नायू दर दहा वर्षांस सुमारे ३ ते ८ टक्के या प्रमाणात घटू लागतात व साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांचे बळ लवकर कमी होते. या काळात स्नायूंची जागा पुष्कळदा चरबी घेत असल्यामुळे वजनकाट्यावर काहीच फरक दिसत नाही व मनुष्य आपली प्रकृती पूर्वीसारखीच आहे असे समजतो. पाय लटपटून तो बांधावर किंवा न्हाणीघरात पडला व खुब्याचे हाड मोडले, म्हणजे मात्र सगळे उघडकीस येते. अशा अस्थिभंगानंतर अनेक वृद्धांना पूर्वीसारखे चालता येत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च, घरातील एका माणसाचे अंथरुणापाशी अडकून पडणे आणि ऐन हंगामात मोडलेले काम यांचा हिशेब केल्यास, एका उसाच्या पिकाची कमाई अशा एका पडण्यात जाऊ शकते.

शेतीकाम व व्यायाम

'जन्मभर शेतात राबलेल्या माणसास आणखी व्यायाम कशाला?' हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

एक तर शेतीकाम पूर्वीचे राहिलेले नाही. मोटेची जागा पंपाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने घेतली. जात्यावरचे दळण गिरणीत गेले व पाणी नळाने दारात आले. हे सर्व इष्टच झाले; मोट आणि जाते परत आणा असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. परंतु त्या कष्टांबरोबर पाय, पाठ व खांदे यांवर रोज पडणारा भारही गेला. शिवाय कारभार मुलाच्या हाती गेल्यावर वडीलधारा मनुष्य बहुधा देखरेखीपुरताच शेतात जातो.

दुसरे असे की, उरलेले शेतीकाम दमविणारे असले तरी बळ वाढविणारे असतेच असे नाही. भांगलण, वैरण कापणे, शेंगा तोडणे ही कामे वाकून किंवा उकिडवे बसून तासन् तास करावी लागतात. त्यांत तेच ते स्नायू हलक्या भाराखाली पुनःपुन्हा राबतात, कंबर अवघडते. पण मांडी, नितंब व खांदा यांच्या मोठ्या स्नायूंना पुरेसा भार मिळत नाही. स्नायू बळकट होण्यास त्यांवर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडावा लागतो व तो हळूहळू वाढवीत न्यावा लागतो. चालण्याने हृदय व फुप्फुसे यांना लाभ होतो, मधुमेहासही आळा बसतो. परंतु केवळ चालण्याने घटलेले स्नायू फारसे भरून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस बळाचा व किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम, चालण्यासारख्या हालचालींशिवाय वेगळा सांगितला आहे, तो याच कारणास्तव.

हे सर्व ऐंशी-नव्वदीतही साधते काय, याचाही पडताळा घेतला गेला आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरी वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचा भारव्यायाम करवून घेण्यात आला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, व्यायाम पुरा करणाऱ्या ९ जणांच्या मांड्यांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले होते. १९९४ मध्ये तेथीलच १०० वृद्धांवरील दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम करणाऱ्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. ज्यांना व्यायामाविना केवळ पौष्टिक पेय देण्यात आले त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही.

तालमीचा वारसा

कोल्हापूर जिल्ह्यास ही गोष्ट नवी वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे तालमी भरभराटीस आल्या व खासबागेचे मैदान उभे राहिले. वारणाकाठच्या पुनवत येथे जन्मलेले गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले व पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी अनेक मल्ल तयार केले. या परंपरेने 'मेहनत' आणि 'खुराक' हे दोन शब्द नेहमी जोडीने वापरले. मेहनतीशिवाय खुराक अंगी लागत नाही व खुराकाशिवाय मेहनत झेपत नाही, हे वस्तादांस बॉस्टनच्या प्रयोगापूर्वीच ठाऊक होते.

तथापि तालमीचे अनुकरण डोळे मिटून करू नये. लंगोट सोडलेल्या पैलवानाची मेहनत सुटते, पण तूप, दूध व थंडाईचा खुराक पुष्कळदा सुटत नाही. मग पोट सुटते आणि मधुमेह व रक्तदाब मागे लागतात. साठीच्या माणसास शेकडो जोर-बैठकांचीही आवश्यकता नाही. संख्या थोडी व भार बेताचा पण वाढता, असे धोरण त्याने ठेवावे.

घरच्या साधनांनी करावयाची मेहनत

यासाठी कोणतेही यंत्र विकत आणण्याचे कारण नाही. खाट किंवा भक्कम खुर्ची, भिंत, सायकलची जुनी ट्यूब व दुधाची झाकणाची किटली एवढे साहित्य पुरे. किटलीचा विशेष उपयोग असा की, एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. म्हणून भार किती झाला व किती वाढविला हे मापाने कळते.

पहिला व सर्वांत महत्त्वाचा व्यायाम बैठकीचा. खाटेच्या कडेवर बसावे, दोन्ही हात छातीवर बांधावेत व हातांचा आधार न घेता उभे राहून पुन्हा सावकाश बसावे. बसताना धप्पकन अंग टाकू नये; सावकाश खाली येण्यातच मांडीस अधिक काम पडते. असे ८ ते १० वेळा करून दोन मिनिटे विसावा घ्यावा आणि आणखी दोन फेऱ्या कराव्यात. ज्यांना हे जमत नाही त्यांनी खाटेवर घोंगडी घालून बैठक उंच करून घ्यावी. ज्यांना सहज जमते त्यांनी एक-दोन लिटर पाण्याची किटली छातीशी धरावी आणि दर पंधरवड्यास त्यात एखाद्या लिटरची भर घालावी. भार योग्य आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे : फेरी संपविताना आणखी दोनतीन वेळाच जमले असते असे वाटावे. वीस वेळा सहज जमत असेल तर भार कमी आहे, आणि पाचव्या खेपेस श्वास कोंडत असेल तर तो जास्त आहे.

जोर भिंतीवर सुरू करावा. भिंतीपासून दोन हात अंतरावर उभे राहून तळवे भिंतीस टेकावेत, शरीर सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्यावी व परत यावे. काही आठवड्यांनी हाच जोर ओट्याच्या कडेवर करता येतो. ओढण्याच्या व्यायामासाठी ट्यूब खांबाभोवती घालून तिची दोन टोके कोपर मागे नेत ओढावीत. जमिनीवरील किटली उचलताना गुडघे व कंबर यांत वाकून, पाठ ताठ ठेवून व किटली अंगालगत धरून उठावे. पोते उचलताना कंबर धरते ती बहुधा या चुकीनेच. तोल सांभाळण्यासाठी भिंतीस बोट लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, टाचा उचलणे आणि अंगणात ओढलेल्या रेषेवर टाचेस अंगठा लावीत चालणे हे प्रकार पुरेत.

अर्ध्या तासाचा हा क्रम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा ठेवून करावा. कारण स्नायू विश्रांतीतच भरतात. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, त्यास भिऊ नये. सांध्यात कळ येणे, छातीत दुखणे किंवा भोवळ येणे मात्र निराळे. अशा वेळी थांबून दवाखाना गाठावा. भार उचलताना श्वास रोखू नये, तो सोडावा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अंतर्गळ किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास आरंभापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी मेहनत करू नये.

खुराकाचा हिशेब

वृद्धांच्या ताटात भात, भाकरी व पातळ आमटी असते. दिवसभरात चार वेळा साखरेचा चहा होतो. पोट भरते, पण स्नायू ज्यापासून घडतात ती प्रथिने कमी पडतात. दात पडल्यावर तर चहाबरोबर बटर किंवा खारी हाच अनेकांचा अर्धा आहार होतो. प्रौढांसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये दर किलो वजनास दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरविले. उतारवयात शरीर प्रथिनांचा उपयोग पूर्वीइतक्या सहजतेने करीत नसल्याने, १ ते १.२ ग्रॅम असावीत असे वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास ६० ते ७२ ग्रॅम.

हे प्रमाण घरच्या अन्नातून साधते. सकाळी पेलाभर म्हशीचे दूध घेतल्यास सुमारे ७ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून तितकीच, दोन्ही वेळच्या मिळून तीन ज्वारीच्या भाकऱ्यांतून सुमारे २० ग्रॅम मिळतात. दुपारी वाटीभर घट्ट उसळ व रात्री घट्ट वरण किंवा पिठले यांची मिळून १४ ग्रॅम होतात. दोन अंड्यांची १२ ग्रॅम धरली म्हणजे बेरीज साठीला पोहोचते. अंडी न खाणाऱ्यांनी दही, ताक व डाळी वाढवाव्यात. भाकरीच्या पिठात थोडे सोयाबीनचे पीठ मिसळावे, मात्र सोयाबीन आधी चांगले भाजून घ्यावे. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी मुगाचे कढण, ताकात कुस्करलेली भाकरी, दाण्याचा कूट घातलेली मऊ भाजी व उकडलेले अंडे हे पदार्थ आहेतच.

कोल्हापुरात आठवड्यातून एकदा मटणाचा बेत झाला की सात दिवसांची बेगमी झाली असे समजण्याची रीत आहे. चरबी शरीर साठवून ठेवते, प्रथिनांचा तसा साठा करीत नाही. ती रोज व प्रत्येक जेवणात थोडी थोडी यावी लागतात. शिवाय तांबडा असो वा पांढरा, रश्श्यात चव अधिक व प्रथिने थोडी. ती फोडींत असतात, आणि फोडी घरातील तरुणांच्या ताटात जातात.

दुधाचेही तेच होते. सकाळ-संध्याकाळ किटली भरून डेअरीत जाते व घरात चहापुरते दूध उरते. दुधाच्या बिलावर घर चालते हे खरे असले, तरी म्हैस सांभाळणाऱ्या वृद्धासाठी व त्याच्या पत्नीसाठी रोज अर्धा लिटर दूध मागे ठेवणे हा खर्च खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे क्षुल्लक आहे. पत्नीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. घरातील स्त्री सर्वांच्या शेवटी जेवते, आणि पाळी थांबल्यानंतर तिची हाडे पुरुषांपेक्षा लवकर ठिसूळ होतात. तिला दूध व भारव्यायाम या दोहोंची गरज अधिकच असते. 'बायकांनी कसल्या बैठका काढायच्या' हा संकोच कार्यकर्त्यांनी प्रथम दूर करावा.

गुळाविषयी या भागात एक समज आहे की, तो साखरेसारखा अपाय करीत नाही. मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर गुळानेही वाढतेच. गूळ पिकविणाऱ्यास हे रुचणार नाही, परंतु वस्तुस्थिती तशी आहे. मीठ, लोणचे व पापड बेताने घ्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

कार्यकर्त्यांनी घ्यावयाची चाचणी

गावातील कोण दुबळा होत चालला आहे हे ओळखण्यास घड्याळ व खुर्ची पुरेशी आहे. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास त्या व्यक्तीचे स्नायू क्षीण झाले असण्याचा संभव असतो. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरविलेली ही मर्यादा आहे. नेहमीच्या चालीने सहा मीटर अंतर जाण्यास सहा सेकंदांहून अधिक वेळ लागणे हीही तशीच खूण होय. चाचणीच्या वेळी खुर्ची भिंतीस टेकवावी व कार्यकर्त्याने शेजारी उभे राहावे.

प्रत्येकाच्या नावापुढे तारीख, लागलेले सेकंद व किटलीतील लिटर यांची नोंद करावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्यावी. मेहनतीसाठी गावातील तालमीची जागा दुपारी मोकळी असल्यास तिचा उपयोग करून घेता येईल. चारचौघे जमल्यास खाडे कमी होतात. उसाच्या तोडणीत किंवा भाताच्या रोपलागणीत खंड पडलाच, तर पुन्हा आरंभ करताना किटलीतील पाणी निम्मे करावे व तेथून पुढे वाढवीत जावे.