एरंडेलाचा चिवट थर

ताथवड्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या कुणाच्या हाती मॉडेल विमानाचं जुनं ग्लो इंजिन आलं, तर त्यावर तपकिरी-काळा थर अनेकदा दिसेल. तो गंज नव्हे, करपलेलं एरंडेल. या इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि वंगण म्हणून बऱ्याचदा एरंडेल असतं. खनिज तेलं मिथेनॉलमध्ये नीट मिसळत नाहीत. एरंडेल मिसळतं, कारण त्यातल्या रिसिनोलिक आम्लाच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट असतो. पण उष्णता आणि ऑक्सिजन मिळाला की हेच रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाखेसारखं कवच तयार होतं. मग मिथेनॉलही हतबल.

कॉस्टिक सोड्याला मात्र हातही लावू नका! तो इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमच खातो आणि हायड्रोजन सोडतो. खरा उपाय पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो: इथिलीन ग्लायकॉल असलेलं रेडिएटर कूलंट. रबरी रिंगा आणि प्लास्टिक काढून धातूचे भाग त्यात बुडवायचे, उकळी न आणता काही तास गरम ठेवायचे, मग जुन्या टूथब्रशने घासायचे. ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, म्हणून काम मोकळ्या हवेत, मुलं-कुत्र्यांपासून दूर करावं. भांडं पुन्हा स्वयंपाकात नको. धुऊन वाळवलेल्या बेअरिंगना लगेच तेल द्यावं, नाहीतर खराखुरा गंज चढतो.