अणुभट्टीचें विसर्जन

गणपतीची प्राणप्रतिष्ठा सांगणाऱ्या पोथींतच पुढें उत्तरपूजा व विसर्जन यांचा विधि दिलेला असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. मूर्ति घरीं येण्यापूर्वींच ती किती दिवसांची व कोणत्या पाण्यांत बोळवावयाची, हें वडीलधाऱ्यांनीं ठरविलेलें असतें. विसाव्या शतकाच्या मध्यास ज्यांनीं अणुशक्तीचें आवाहन केलें, त्यांच्या पोथींतील हें शेवटचें पान मात्र बहुधा कोरेंच राहिलें.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकास, केथनेस परगण्यांत, समुद्रकांठीं डूनरे नांवाचें अणुकेंद्र आहे. तेथील पहिली जलद भट्टी १९५९ सालीं पेटली आणि १९७७ सालीं बंद करण्यांत आली. भट्टी चालली अठरा वर्षें. ती मोडून जागा निर्धोक करण्याचें काम त्याच्या दुपटीहून अधिक काळ लोटला तरी संपलेलें नाहीं. तींतील उष्णता वाहून नेण्यास पाण्याऐवजीं सोडियम व पोटॅशियम यांचा द्रवरूप रस वापरीत. पाण्याचा स्पर्श होतांच पेटणारा असा हा पदार्थ! तो बाहेर काढून निरुपद्रवी करणें हेंच एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसलें.

पण खरी कथा आहे ती तेथील विहिरीची. केंद्र बांधतांना सांडपाणी समुद्रांत सोडण्यासाठीं बोगदा खणला, व त्यांतील दगड वर काढण्यासाठीं सुमारें ६५ मीटर खोलीची एक विहीर खडकांत उतरविली. बोगदा पुरा झाल्यावर तिचें काम संपलें. रिकामी विहीर पाहून कोणास मोह आवरला आहे? १९५९ पासून, तेंही रीतसर परवानगीनें, तींत किरणोत्सर्गी केर टाकण्यास आरंभ झाला. काय टाकलें व किती टाकलें, याची नोंद मात्र नीट ठेविली गेली नाहीं. मे १९७७ मध्यें आंतील सोडियम-पोटॅशियमचा पाण्याशीं संयोग होऊन स्फोट झाला, तेव्हां कोठें तो क्रम थांबला. आतां ती उपसावयाची, तर खडकांतून झिरपणारें पाणी आधीं थोपविलें पाहिजे. म्हणून सभोंवार खोल भोंकें पाडून खडकाच्या फटींत सिमेंटचा राळा दाबून भरण्यांत आला. हें काम २००८ सालीं पुरें झालें, आणि तें केवळ पूर्वतयारीचें! टाकणाऱ्यांनीं वही लिहिण्याचा कंटाळा केला, त्याचें व्याज नातवंडें फेडीत आहेत.

कांहीं जाणते विचारतात, मोडण्याची घाई कशाला? भट्टीच्या पोलादांत उत्पन्न होणाऱ्या कोबाल्ट-६० चें तेज सव्वापांच वर्षांत निम्मे होतें. पन्नास वर्षें थांबल्यास तें सुमारें सातशेंव्या हिश्शावर येतें, व कामगारांस धोका कमी. हिशेब चोख आहे. पण तेवढ्या काळांत माणसेंही निम्मीं होतात, हें त्यांत धरलेलें नसतें. आम्हीं शाळेच्या ग्रंथालयाचा कार्यभार घेतला तेव्हां जुडग्यांत अठरा किल्ल्या होत्या. कोणती कोणत्या कपाटाची, हें एका वृद्ध शिपायास तेवढें ठाऊक. तो आदल्या वर्षींच निवर्तला होता. तीन कपाटें शेवटीं लोहाराकडून फोडून घेतलीं. अणुभट्टीस ही सोय नाहीं.

इंग्रजांस हें उशिरां कां होईना पटलें. डूनरेहून जवळच, विक या गांवीं, २०१७ सालीं त्यांनीं एक दप्तरखाना उघडला. तेथें अणुकेंद्रांचे नकाशे व नोंदी, केथनेस परगण्याच्या जुन्या कागदपत्रांशेजारीं जपून ठेवितात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणें तर परवाना मागतांनाच विसर्जनाची पहिली योजना सादर करावी लागते.

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालच्या. केंद्रांच्या विसर्जनासाठीं विजेच्या दरांत युनिटामागें २ पैसे धरण्याची आपल्याकडे रीत आहे, ही दूरदृष्टि खरीच. पण ज्या हातांनीं त्या नळ्या जोडल्या, ते आज ऐंशी ओलांडलेल्या वृद्धांचे आहेत. त्यांच्या ओसरीवर वही घेऊन कोणी बसलें असल्यास तें ऐकण्यास आम्ही उत्सुक आहों.