पंचवीस डॉलरांची करामत

मायक्रोप्रोसेसरचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक ट्रान्झिस्टरांच्या वाढत्या संख्येची जंत्री देण्यातच धन्यता मानतात, आणि ज्याची संख्या मोठी त्याचे कर्तृत्व मोठे, असा निवाडा त्या जंत्रीतून आपोआप लागून जातो. माझे मत निराळे आहे. या विद्येला जे वळण लागले त्याचे श्रेय वेगापेक्षा किमतीकडे अधिक जाते. आणि ती किंमत जिने पाडली त्या ६५०२ नामक चिपवर माझा कित्येक वर्षे जीव जडलेला असल्यामुळे, या लेखात पंक्तिप्रपंच झाल्यास वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. बिझिकॉम या जपानी कंपनीस आपल्या गणनयंत्रांसाठी चिप्सचा संच हवा होता आणि ते काम इंटेलकडे आले. तेथे टेड हॉफ व स्टॅन मेझर यांनी आज्ञावलीबरहुकूम वाटेल ते काम करील अशी एकच मध्यवर्ती चिप करण्याची तजवीज मांडली, फेदेरिको फाजिन यांनी बिझिकॉमचे मासातोशी शिमा यांच्या साहाय्याने ती सिलिकॉनवर उतरविली, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टरांची ४००४ जाहीर झाली. पुढे १९७४ मध्ये ८०८०, १९७८ मध्ये ८०८६, आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत ८०८८, आणि १९९३ मध्ये पेंटियम. या पेंटियमच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते विनोद धाम पुण्यात जन्मले, हे पुणेकर वाचकांच्या समाधानासाठी नमूद करतो आणि इंटेलची रजा घेतो.

मोटोरोला कंपनीची ६८०० ही चिप १९७४ मध्ये सिद्ध झाली तेव्हा तिच्या एका नगाचे ३६० डॉलर पडत. ती कारखानदारांना समजावून सांगत हिंडण्याचे काम चक पेडल यांच्याकडे होते. श्रोते गुणवर्णन मन लावून ऐकत, उपयोगही सुचवीत, आणि किमतीचा आकडा निघताच बैठक आटोपती घेत. चिप पंचवीस डॉलरांच्या आसपास मिळाली तरच ती यंत्रायंत्रांत शिरेल, हा पेडल यांचा निष्कर्ष वरिष्ठांस रुचला नाही, आणि स्वस्त चिपचा नाद सोडून द्यावा असा लेखी हुकूम त्यांच्या हाती पडला. ऑगस्ट १९७४ मध्ये पेडल, बिल मेन्श आणि त्यांचे काही सहकारी मोटोरोला सोडून, पेन्सिल्व्हेनियात गणनयंत्रांच्या चिप्स करणाऱ्या एमओएस टेक्नॉलॉजी या लहानशा कंपनीत दाखल झाले.

किंमत पाडावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा भाग मला सर्वांत रमणीय वाटतो. सिलिकॉनच्या गोल चकतीवर अनेक चिप्स एकदम उमटवितात आणि मग, लाटलेल्या पोळीतून शंकरपाळे कापावेत तशा त्या कापून वेगळ्या करतात. चकतीवर जेथे सूक्ष्म दोष असेल तेथली चिप वाया जाते. सबब चिप जितकी लहान, तितक्या त्या एका चकतीतून अधिक निघतात आणि त्यांतल्या वाया जाणाऱ्यांचे प्रमाणही घटते. म्हणून या मंडळींनी जे जे गाळता येईल ते ते गाळले. ६८०० मध्ये दोन अ‍ॅक्युम्युलेटर होते, येथे एकच ठेवला. सोबतीला एक्स आणि वाय ही आठ बिटांची दोन रजिस्टरे दिली. आज्ञा एकंदर ५६. आणि रजिस्टरांची ही टंचाई भरून काढण्यासाठी मेमरीतील पहिली २५६ घरे, ज्यांस ‘झीरो पेज’ म्हणतात, आखूड आणि शीघ्र आज्ञांनी गाठण्याची खास मुभा ठेवली. त्या काळी मेमरी प्रोसेसरच्या मागे पडत नसे, म्हणून हा सौदा फायद्याचा ठरला. सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांचा हा सारा नकाशा हाताने रेखाटलेला होता, आणि तयार मास्कमधील दोष मागाहून दुरुस्त करण्याचा हुन्नर एमओएसच्या कारागिरांस अवगत असल्यामुळे चकतीतून निघणाऱ्या धडधाकट चिप्सचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक होते. ग्रेग जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास या चिपची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन, तीतील ट्रान्झिस्टरांची जोडणी उलगडून, संगणकाच्या पडद्यावर तिची चालती प्रतिकृती उभी केली; एकेक आज्ञा पुढे सरकताना कोणकोणते मार्ग उजळतात हे तीत पाहण्यात मी ज्या रात्री घालविल्या त्यांचा हिशेब घरच्यांनी मागू नये एवढीच इच्छा आहे.

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या वेस्कॉन प्रदर्शनात ही चिप लोकांपुढे आली. मंडपात रोख विक्रीस मज्जाव होता, म्हणून पेडल यांनी सेंट फ्रान्सिस हॉटेलात बिऱ्हाड मांडले आणि तेथे काचेच्या बरणीतून चिप्स विकावयास काढल्या: चिप २५ डॉलर, माहितीपुस्तिकांचा जोड १० डॉलर. बरणीच्या तळाशी निकामी चिप्स भरलेल्या होत्या, कारण माल मुबलक आहे असे दिसणे अगत्याचे होते. ही हातचलाखी मला, नीतिशास्त्राची क्षमा मागून, अतिशय आवडते. गिऱ्हाइकांत स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक तरुण होता, ज्याने याच चिपवर अ‍ॅपलचा पहिला संगणक उभारला. १९७७ मध्ये अ‍ॅपल २ आणि कमोडोर पेट हीही तिच्याच जोरावर निघाली. ६८०० च्या खोबणीत नेमकी बसणारी ६५०१ ही तिची बहीण मात्र मोटोरोलाच्या फिर्यादीमुळे मागे घ्यावी लागली आणि १९७६ मध्ये दोन लाख डॉलर भरून तडजोड झाली. आरंभीच्या चिप्समध्ये बिट उजवीकडे फिरविण्याची एक आज्ञा नव्हतीच, आणि ती जून १९७६ नंतर मिळेल असे पुस्तिकेत निःसंकोचपणे छापले होते.

आपल्याकडे ही चिप दोन वाटांनी आली. पहिली वाट सरकारी: १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरतेची योजना आखली आणि तीत इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो पसंत केला, ज्याची एक आवृत्ती मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ‘युनिकॉर्न’ नावाने काढली. आमच्या शाळेत तो ज्या खोलीत होता तिच्याबाहेर चपला काढाव्या लागत आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते गुरुजी बहुधा रजेवर असत. केंब्रिजच्या संगणक-संग्रहालयात मात्र बीबीसी मायक्रो कोणासही हाताळता येतो. तेथे त्याचा सुरुवातीचा जाड आणि मग बारीक असा दुपेडी सूर मनसोक्त ऐकून घेतला. दुसरी वाट बाजाराची: नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळण्याचे जे खोके घरोघर आले, ते जपानी निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होते, आणि त्यांच्या पोटात दशमान गणित गाळलेली ६५०२ च नांदत होती.

एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे १९८३ मध्ये पुढच्या चिपच्या शोधात अ‍ॅरिझोनातील मेसा येथे बिल मेन्श यांच्या नव्या कंपनीत गेले. मोठा कारखाना पाहावयास मिळेल या अपेक्षेने गेलेल्यांना तेथे उपनगरातील एका बंगल्यात मोजकी माणसे प्रोसेसर आखताना आढळली, आणि परततानाच त्यांच्या मनाने घेतले की, हे यांना साधते तर आपणासही साधेल. विल्सन यांनी नव्या प्रोसेसरचे प्रतिरूप बीबीसी बेसिकच्या ८०८ ओळींत लिहिले. त्यांचे वरिष्ठ हर्मन हाउजर यांनी पैसा आणि माणसे या दोन्ही गोष्टी मुळीच न देण्याचे औदार्य दाखविले. आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली एआरएम चिप हाती येताच चालू लागली. चिपला सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लॅस्टिकचे वेष्टन घालावयाचे ठरले होते, प्लॅस्टिकला उष्णता सोसत नाही, म्हणून विजेचा खप एका वॉटच्या आत ठेवणे भाग होते, आणि तो इतका आत राहिला की फर्बर यांचा विद्युत्प्रवाहमापक शून्य दाखवू लागला. तपासाअंती दिसले की चिपला मुख्य वीज जोडलेलीच नव्हती. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती बिनतक्रार चालली होती. वेष्टनाचे चार पैसे वाचविण्यासाठी पत्करलेल्या या काटकसरीमुळेच ती पुढे मोबाइल फोनांच्या कामी आली, आणि बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक सर्व फोनांत आज तिचाच वंश आहे.