पाटणचा हमाल आणि माथाडीचा कायदा

पहाटे वाशीच्या बाजार समितीत ट्रक लागला की आधी दिसतात ती डोक्यावर गोणी घेतलेली माणसे. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ भागात त्यांची लहान लहान घरे आहेत, कोपरखैरण्याला हॉस्पिटल आहे, वाशीला माथाडी भवन आहे. आमच्या कितीतरी वाचकांचे शेजारी माथाडी असतील. पण ज्यांच्या धडपडीतून हे उभे राहिले, त्या अण्णासाहेब पाटलांचे नाव आपल्या घरांत फारसे निघत नाही. त्याला कारण आहे. ते आम्ही लपवणार नाही, पण आधी माणूस समजून घेऊ.

अण्णासाहेबांचा जन्म १९३३ चा, सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या मंद्रुळकोळे गावचा. मुलूख डोंगराचा, शेती पोटाला न पुरणारी. तिथली पोरे मुंबईची वाट धरीत, तशी त्यांनीही धरली आणि हमाली पत्करली. आपल्या महाड-रत्नागिरीकडच्या वाडवडिलांनीही हीच वाट धरली होती. फरक एवढाच की पाटीलवाड्यातल्या पोराला गाव सोडताना भूक सोडवायची होती, आपल्या माणसाला भुकेबरोबर महारकीही सोडवायची होती.

त्या काळी मुंबईच्या दाणाबंदरात, मशीद बंदरात हमालाची गत काय होती? शंभर किलोची गोणी पाठीवर. आज या पेढीचा माल, उद्या त्या पेढीचा. मजुरी मुकादमाच्या हातून, आणि त्याच्या हाताला चिकटून उरेल तेवढी. गोणी अंगावर पडून कंबर मोडली तर व्यापारी मोकळेपणाने सांगे, "हा माझा नोकर नाही." आणि तो खोटे बोलत नसे! हमाल कोणाचाच नोकर नव्हता. कामगारांचे सारे कायदे मालक कोण, एवढे विचारून थांबत. परगावाहून आलेल्या, मुंबईत पत्ता नसलेल्या, मस्टरवर नाव नसलेल्या माणसाने दाद मागायची कोणाकडे?

अण्णासाहेबांनी ही गोष्ट पाठीवर गोणी घेऊन शिकली होती. त्यांनी माथाडींची युनियन बांधली, संप केले, मोर्चे काढले. तिकडे पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्याआधीपासून झगडत होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

या कायद्याची युक्ती साधी आहे, आणि आमच्या मते फार मोलाची आहे. मालक सापडत नाही ना, मग सरकार, व्यापारी आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ करा. व्यापाऱ्यानेही नाव नोंदवायचे, हमालानेही. हमाली व्यापाऱ्याने मंडळात भरायची, तिच्यावर लेव्हीही भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी बघणार. काल ज्याला कोणी ओळखत नव्हते, त्याच्या नावाचे खाते झाले. १९८० नंतर मुंबईचे घाऊक बाजार एकेक करून वाशीला आले, तेव्हा त्यांच्यामागे ही नोंदणीकृत माणसेही खाडी ओलांडून आली.

आता ते कारण. मराठा समाजाला आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे म्हणून अण्णासाहेबांनी २२ मार्च १९८२ रोजी विधानभवनावर मोर्चा नेला. मागणी मान्य झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले जीवन संपवले. स्वतः आमदार असलेल्या माणसाचा असा शेवट कोणालाही चटका लावणारा आहे. परंतु आरक्षण म्हणजे गरिबी हटवण्याची योजना नव्हे. शतकानुशतके ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना कारभारात वाटा देण्यासाठी ते आहे. या प्रश्नावर त्यांचा मार्ग आपला नव्हता, आणि आजही नाही.

म्हणून का त्यांचा कायदाही आपण परका समजायचा? त्या कायद्याच्या कलमांत जात कुठेच नाही. शिवाय तो ज्या पायावर उभा आहे तो पाया आपल्या ओळखीचा आहे. देशात कुठेही जावे, कुठेही राहावे, हा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमात आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना घटना समितीत खडसावणारे बाबासाहेबच होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाचे तास आठावर आणण्यासाठी झटून काम केले. शहरात आलेला मजूर उपरा नाही, नागरिक आहे, ही शिकवण आपल्याला त्यांच्याकडून मिळाली आहे.

खरी अडचण दुसरीच आहे. टोळी उभी राहते ती गाव-भावकीवर. चुलत्याने पुतण्याला आणायचे, पुतण्याने मेव्हण्याला. ज्याचा टोळीत कोणी नाही, तो गेटबाहेर नाक्यावर उभा! मराठवाड्यातून, विदर्भातून दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांत आलेली आपली किती माणसे गोदामात माल उतरवतात आणि संध्याकाळी रोख घेऊन घरी येतात, बघा. रोख हातात पडते म्हणून बरे वाटते. प्रॉव्हिडंट फंड मात्र कोणाच्याच नावावर जमत नाही.

आणि भगिनींनो, हमाली म्हणजे पुरुषांचेच काम असे समजू नका. किराणा बाजाराच्या बाबतीत या कायद्याच्या अनुसूचीत चढवणे-उतरवणे आहे तसे भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे हेही आहे. दिवसभर चाळण घेऊन बसणारी बाई ही मदतनीस नव्हे.

२०२३ साली या कायद्यात बदल करणारे विधेयक आले तेव्हा माथाडी संघटनांनी कडाडून विरोध केला. आपल्या वस्त्यांत त्याची चर्चा झाली नाही, कारण आपली नावेच तिथे थोडी. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर घरटी विचारून घ्यावे: तुमच्याकडे मालाची चढ-उतार, निवडणे, भरणे कोण करते, कोणाच्या गोदामात करते, आणि माथाडी मंडळात त्यांचे नाव आहे का.