मल्टिमीटरला नेमके केव्हा मोजायला सांगायचे?

संगणकाला जोडलेला मल्टिमीटर हाती आला की पहिली आज्ञा शिकवली जाते ती ‘मेझर’. एचपीच्या ३४४०१-ए या साडेसहा अंकी मीटरला ती पाठवली की तो स्वतःला तयार करतो, लगेच मोजतो आणि आकडा परत देतो. एखादा व्होल्टेज बघायला एवढे पुरते. वेळ साधून मोजायचे असेल, तर मात्र तयारी आणि मोजणी वेगळी केली पाहिजे.

समजा, ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय तपासायचा आहे. सप्लाय जोडणारा रिले चालू केल्यावर थोडे थांबून दहा रीडिंग हवी आहेत. आधी ‘कॉन्फिगर’ पाठवून डीसी व्होल्टेज आणि १० व्होल्टची रेंज ठरवून टाकावी. रेंज ऑटोवर ठेवली तर ती शोधण्यात वेळ जातो.

मग इंटिग्रेशनचा काळ. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. मीटर पूर्ण आवर्तनांची सरासरी घेतो तेव्हा तारांत शिरलेल्या गुणगुणीचा धन अर्धा ऋण अर्ध्याला खाऊन टाकतो. १० आवर्तने घेतली की २०० मिलिसेकंदांत स्थिर आकडा मिळतो. ०.०२ आवर्तनाची सेटिंग भलतीच वेगवान, पण तीत ही गुणगुण सरळ आकड्यात उतरते. पॉवर सप्लायसाठी मी ती कधीच निवडणार नाही.

आता ट्रिगर, म्हणजे मोजणी सुरू करण्याचा इशारा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा ट्रिगरचा स्रोत, विलंब आणि रीडिंगची संख्या मूळपदावर आणते. ही तिन्ही सेटिंग तिच्या आधी पाठवली, तर पुसली जातात आणि मीटर चकार शब्द काढत नाही. म्हणून ती नंतरच पाठवावीत: स्रोत ‘बस’ (म्हणजे इशारा संगणकाच्या आज्ञेने येणार), विलंब ०.१ सेकंद, रीडिंग दहा.

एवढे झाले तरी मीटर निवांतच असतो. ‘इनिशिएट’ पाठवल्यावर तो ट्रिगरची वाट पाहू लागतो. रिले चालू करून ‘स्टार टीआरजी’ ही ट्रिगरची आज्ञा पाठवली की मोजणी सुरू होते आणि रीडिंग मीटरच्या स्मृतीत साठतात. तिथे ५१२ रीडिंग मावतात. शेवटी ‘फेच’ पाठवून ती मागवायची. इथे ‘इनिशिएट’ऐवजी ‘रीड’ वापरू नये. ‘रीड’ लगेच उत्तर मागते, उत्तर ट्रिगरशिवाय येणार नाही, आणि मीटर उणे २१४ क्रमांकाची चूक दाखवतो.

विलंब फक्त पहिल्या रीडिंगआधी नव्हे, प्रत्येक रीडिंगआधी लागतो. ऑटोझिरो चालू असेल तर प्रत्येक रीडिंगमागे शून्याचेही एक मोजमाप होते, म्हणजे २०० चे ४०० मिलिसेकंद. विलंब धरून दहा रीडिंगना साधारण पाच सेकंद लागतात. म्हणून प्रोग्राममधला टाइमआउट दहा सेकंदांचा ठेवा.